व्यसन समुपदेशनाची पदवी : कॅनडा की कोल्हापूर?

प्रश्न (राजारामपुरी) : सर्वांना नमस्कार. मी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकते आहे. कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठात व्यसन समुपदेशन हाच मुख्य विषय असलेली आरोग्यविज्ञानाची पदवी आहे. बाबा शेतजमिनीवर कर्ज काढायला तयार आहेत. माझ्याच मनाला मात्र ते पटत नाही. पुन्हा पदवीपासून सुरुवात करण्याइतके त्यात काय आहे?

उत्तर १ (कॅल्गरी, मूळ शाहूपुरी) : आधी पैशाचे बोलू. 1 सप्टेंबर 2025 पासून शिक्षणाच्या परवान्यासाठी एकट्या विद्यार्थ्याला शिक्षणशुल्क आणि प्रवासखर्च सोडून राहण्या-जेवणासाठी 22,895 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, आणि पदवीसाठी प्रांताचे अनुमतिपत्रही लागते. सत्र चालू असताना विद्यापीठाबाहेर आठवड्याला 24 तासच काम करता येते, त्यामुळे 'तिथे गेल्यावर कमावून फेडू' हा हिशेब बाबांना कृपया सांगू नका.

आता अभ्यासाबद्दल. या शिक्षणाचा खरा गाभा प्रत्यक्ष कामाच्या अनुभवात आहे. तिथे पोलिसांकडील चारित्र्यपडताळणी लागते, आणि आरोग्यसेवेत काम करायचे तर परदेशी विद्यार्थ्याला वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी लागते. दोन्हींना वेळ लागतो. लेथब्रिज ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टात फेंटानिल या अफूसारख्या पण फार तीव्र अमली पदार्थाने माणसे दगावतात, म्हणून श्वास मंदावलेल्या माणसाला त्यावरचा उतारा असलेले नालोक्सोन कसे द्यायचे हे तिथे सामान्य नागरिकही शिकतात आणि त्याचे किट औषधाच्या दुकानात मोफत मिळते. आपल्याकडे समुपदेशन म्हटले की 'सोडा, नाहीतर घर बुडेल' अशी समज देणे डोळ्यांसमोर येते. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेली प्रेरक मुलाखतीची पद्धत नेमकी उलटी आहे : बदलावे असे का वाटते, हे समोरच्याच्याच तोंडून यावे लागते.

उत्तर २ (कोल्हापूरजवळील व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक) : वरील मुद्दे योग्यच आहेत, एक भर घालतो. माझ्यासमोर बसणारा माणूस बहुधा फेंटानिलचा नसतो. परवा एक गृहस्थ 'मी काही व्यसनी न्हाई, साहेब' असे सांगत असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीतला मावा तळहातावर चोळत होते. मी तो टाकायला सांगितला नाही. दिवसातला पहिला मावा किती वाजता लागतो, एवढेच विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'डोळं उघडायच्या आधी.' हा प्रश्न मला परदेशात कोणी शिकवला नाही, पण तो कधी विचारायचा हे शिकायला मला सहा वर्षे लागली. चांगल्या देखरेखीखाली ती कमी झाली असती, हेही मान्य करतो.

कागदपत्रांचे मात्र नीट तपासा. परदेशी पदवीमुळे भारतात तुम्ही आपोआप चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ ठरत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण आणि नोंदणी लागते. परत येणार असाल तर आधी येथे एम.ए. करा आणि सुट्टीत पुण्याच्या मुक्तांगणसारख्या, 1986 पासून चालू असलेल्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करता येईल का, हे विचारून पाहा. कॅनडातच राहायचे असेल तर हिशेब वेगळा.

प्रश्नकर्ती : दादा, ताई, आभारी आहे. परत यायचेच आहे, हे आज लिहिताना पहिल्यांदा लक्षात आले. एम.ए.चा अर्ज भरते आहे. मुक्तांगणला उद्या फोन करते. बाबांना सातबारा कपाटात परत ठेवायला सांगितले आहे.