विषय: ७ मेचं मतदान, मतदारयादी आणि पासपोर्टवरचं नाव

प्रेषक: नवीन सभासद (विद्यार्थी), पूर्व लंडन
मंगळवार, १० मार्च २०२६

नमस्कार मंडळी,

मी सप्टेंबरात पुण्याहून एमएससीला आलो. भाड्याच्या घरात आम्ही सहा जण राहतो. परवा दारातल्या पायपुसण्यावर पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर कौन्सिलचं एक पाकीट पडलं होतं. वर कुणाचं नाव नाही, नुसतं 'रहिवासी'. आत मतदारयादीत नाव नोंदवण्याचं पत्र. घरातले म्हणाले, हे इथल्या लोकांसाठी असतं, टाकून दे. मी ठेवलं आहे.

माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि विद्यार्थी व्हिसा आहे. मला खरंच मत देता येतं का? आणि नाव नोंदवलं तर पुढे व्हिसाला काही अडचण येईल का? कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.

---

प्रेषक: कार्यकारिणी सभासद, हॅरो
मंगळवार, १० मार्च २०२६

अरे, पाकीट टाकलं नाहीस हे फार चांगलं केलंस. तुला मत आहे. नुसतं कौन्सिलचं नव्हे, लंडनच्या महापौराचं आणि पार्लमेंटचंही.

भारत राष्ट्रकुलात आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक कायदेशीर परवानगीने इथे राहत असेल, तर त्याला ब्रिटिश नागरिकासारखाच मताधिकार आहे. व्हिसा विद्यार्थ्याचा असो, नोकरीचा असो किंवा जोडीदाराचा. किती वर्षं राहिलात अशी अट नाही. कायद्यानेच दिलेला हक्क आहे, तो वापरल्याने व्हिसाला धक्का लागत नाही. मात्र कुणाचे आईवडील दोन-तीन महिन्यांसाठी पाहुणे म्हणून आले असतील, तर त्यांचं नाव घालू नका. मुक्काम म्हणजे वास्तव्य नव्हे.

मी २००४ साली आलो आणि पहिली सहा वर्षं मतच दिलं नाही, कारण मला कुणी हे सांगितलंच नाही. म्हणून आता दर पाडव्याला मी हे लिहितो, तेच तेच वाटलं तरी.

७ मेला लंडनच्या सगळ्या ३२ बरोंमध्ये, म्हणजे स्वतःचं कौन्सिल असलेल्या विभागांमध्ये, नगरसेवक निवडले जाणार आहेत. नाव नोंदवायची शेवटची तारीख २० एप्रिल. सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांचं काम आहे. नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे इथे काम करायला लागणारा सरकारी नंबर, लागतो. तो अजून मिळाला नसेल तर फॉर्ममध्ये तसं कारण लिहायची सोय आहे. शेवटी 'खुल्या यादी'बद्दल विचारतात. ती यादी कुणालाही विकत घेता येते, म्हणून तिथे नको म्हणा. त्याने मताला काही होत नाही.

आता ओळखपत्र. २०२२ च्या कायद्यानंतर, मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, इथलं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, ज्येष्ठांचा बसपास आणि साठीनंतर मिळणारं लंडनच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्डही चालतं. मुदत संपली असली तरी चालतं, फोटोत तुम्ही ओळखू आलात म्हणजे झालं. फोनवरचा फोटो किंवा ई-व्हिसाचं पान चालत नाही, वस्तू हातात हवी. तुझं युनिव्हर्सिटीचं कार्डही चालणार नाही. पोलकार्ड, म्हणजे मतदानाआधी घरी येणारं सूचनापत्र, नेलं नाही तरी चालतं, पण नुसतं पोलकार्ड नेऊन भागत नाही. पहिल्याच वर्षी सुमारे १४,००० जण ओळखपत्रावाचून परत गेले आणि पुन्हा आले नाहीत, असं इलेक्टोरल कमिशनने, म्हणजे इथल्या निवडणूक आयोगाने, नोंदवलं होतं.

यातलं काहीच नसेल तर मतदार प्रमाणपत्र फुकट मिळतं, अर्ज २८ एप्रिलच्या संध्याकाळी पाचपर्यंत.

१८९२ साली दादाभाई नौरोजी इथल्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले, ते पाच मतांनी. हजारांनी नव्हे, पाच.

---

प्रेषक: सभासद, पश्चिम लंडन
बुधवार, ११ मार्च २०२६

काकांनी सगळं नीट लिहिलं आहे. पण एक गोष्ट राहिली आणि ती आपल्या बायकांच्या बाबतीत फार होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे. लग्नानंतर बदललं नाही. आम्ही या घरात आलो तेव्हा घरभरासाठी एकच फॉर्म यायचा. तो यांनी भरला आणि सवयीने माझं नाव सासरच्या आडनावाने लिहिलं. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. माझ्याही लक्षात आलं नाही. तेव्हा केंद्रावर नाव-पत्ता सांगितला की मतपत्रिका हातात मिळायची. तेरा वर्षं मी अशीच मत देत आले.

२ मे २०२४. महापौराची निवडणूक. कामावरून उशिरा सुटले, साडेआठला केंद्रावर पोचले. शाळेचा हॉल, भिंतीला दुमडून ठेवलेली टेबलं, दोरीला बांधलेल्या पेन्सिली. टेबलामागच्या बाईंनी पासपोर्ट उघडला, यादीवर पट्टी ठेवली, पट्टी खाली सरकवत नेली, परत वर आणली. मग म्हणाल्या, या पत्त्यावर या नावाचं कुणी नाही. मी बोट ठेवून दाखवलं, ही मीच. त्यांनी केंद्राध्यक्षांना बोलावलं. ते शांतपणे म्हणाले, नाव बदलल्याचा कागद असेल तर आणा, उदाहरणार्थ लग्नाचा दाखला.

मी जवळजवळ पळत घरी गेले. कपाटातल्या निळ्या फाइलमधून दाखला काढला आणि परत आले तेव्हा साडेनऊ झाले होते. आमचं लग्न गावी झालं, दाखला ग्रामपंचायतीचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत मराठीत. केंद्राध्यक्षांनी तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ पाहिला. मी एकेक ओळ वाचून अर्थ सांगितला. पण मी सांगते म्हणून ते कसं मानणार? दहाला दार बंद झालं. मी पिशवी घेऊन बाहेर उभी होते. त्या रात्री मला फार रडू आलं.

नंतर मी तोच नोंदणीचा फॉर्म पुन्हा भरला, या वेळी पासपोर्टवर आहे तसं नाव. कौन्सिलने पुरावा मागितला. दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून घेऊन पाठवलं, आणि त्याच वर्षीच्या ४ जुलैच्या निवडणुकीत माझी मतपत्रिका मला मिळाली.

तेव्हा बायांनो, आजच यादीतलं नाव विचारून घ्या. कौन्सिलच्या निवडणूक विभागाला फोन केला की सांगतात. मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्याने अडत नाही. किरकोळ स्पेलिंगनेही नाही. आडनाव वेगळं असेल तर अडतं. काही जणींचं लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं, त्यांनी तर नक्कीच बघा. आणि दाखल्याचं भाषांतर आत्ताच करून ठेवा, मतदानाच्या रात्री ते कुठे मिळणार?

---

प्रेषक: सभासद, हाउन्सलो
गुरुवार, १२ मार्च २०२६

ताई, वाचून वाईट वाटलं. आमच्या हिचंही असंच असणार, आज विचारतो.

माझे दोन प्रश्न. आम्ही मेमध्ये डोंबिवलीला असू, तर मत पोस्टाने पाठवता येईल का? आणि इथे मत दिलं तर भारतातल्या मतावर परिणाम होतो का?

---

प्रेषक: कार्यकारिणी सभासद, हॅरो
गुरुवार, १२ मार्च २०२६

पोस्टाचा अर्ज २१ एप्रिलच्या संध्याकाळी पाचपर्यंत करता येतो. पण मतपत्रिका डोंबिवलीला जाऊन वेळेत परत येणं अवघड आहे. त्यापेक्षा तुमच्या वतीने मत द्यायला प्रतिनिधी नेमा, इथल्या कुणा विश्वासाच्या मतदाराला. मुदत २८ एप्रिल, पाच वाजेपर्यंत. तो केंद्रावर स्वतःचं ओळखपत्र दाखवेल, तुमचं लागत नाही.

भारताचं म्हणाल तर इथे मत दिल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. पासपोर्ट भारतीय आहे तोवर नमुना ६-अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात अनिवासी मतदार म्हणून नाव घालता येतं. ब्रिटिश पासपोर्ट घेतला की तो हक्क संपतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने तो परत येत नाही. अनिवासी मतदाराच्या नोंदणीवर मतदार ओळखपत्र मिळत नाही, केंद्रावर मूळ पासपोर्टच दाखवायचा. आणि मत तिथे जाऊनच द्यावं लागतं. मला हे मनापासून खटकतं. २०२४ च्या लोकसभेला जगभरातून सुमारे १ लाख १९ हजार अनिवासी मतदारांची नोंद होती, त्यातले तीन हजारही केंद्रापर्यंत पोचले नाहीत. विमानाचं तिकीट काढून मत द्यायला किती जण जाणार? टपालाची किंवा दूतावासाची सोय व्हायला हवी आणि आपण मंडळातर्फे ती मागायला हवी. पुढच्या बैठकीत मी तसा ठराव मांडतो.

२१ तारखेला पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाच्या काउंटरशेजारी नोंदणीचं टेबल ठेवू. लॅपटॉप मी आणतो. दोन मदतनीस हवेत.

---

प्रेषक: नवीन सभासद (विद्यार्थी), पूर्व लंडन
शुक्रवार, १३ मार्च २०२६

काका, ताई, खूप आभार. काल रात्री फॉर्म भरला. नॅशनल इन्शुरन्स नंबर पार्ट टाइम कामामुळे मिळालेला होता, सात मिनिटं लागली.

मग ते पाकीट स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि घरातल्या सगळ्यांना बोलावलं. दोघे केरळचे, एक लागोसची, एक कोलंबोचा. कुणालाच माहीत नव्हतं. चौघांनीही तिथेच बसून नावं घातली. सहावा काठमांडूचा आहे. नेपाळ राष्ट्रकुलात नाही, त्यामुळे त्याला मत नाही. तो आमच्यापेक्षा दोन वर्षं जास्त इथे राहतो आहे. आमचे पोस्टकोड आणि जन्मतारखा तोच वाचून दाखवत होता. पाचवा फॉर्म गेल्यावर उठला आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

२१ ला टेबलावर मी आहे. अकराला येऊ का?