मदत हवी आहे : ही किडनी ‘माझी’ कधी वाटायला लागेल?

किडनी बसवून आठ महिने झाले. दाता मेंदूमृत होता, एवढंच ठाऊक. रिपोर्ट छान आहेत, अडचण वेगळीच आहे.

नवी किडनी पाठीकडे नसते, पुढे ओटीपोटात एका बाजूला बसवतात. जुन्या दोन्ही बहुतेकदा जागच्या जागी राहतात. नवी पुढे असल्यामुळे ती हाताला लागते. रात्री कूस बदलताना हात आपोआप तिथे जातो आणि वाटतं, पाहुणी आलीय, नीट झोपू दे तिला. डायलिसिस सुटल्यावर पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायले आणि ढसाढसा रडले. माझी सुटका झाली, पण कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलं. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी दर बारा तासांनी, म्हणजे शरीरालाही ती परकीच की! १९५४ मधलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमध्ये झालं, त्यांना हा प्रश्नच नव्हता.

घरचे म्हणतात, फार विचार करू नकोस. जमत नाही हो.

दात्याच्या घरच्यांना प्रत्यारोपण समन्वयकामार्फत, नाव न घालता पत्र लिहावं का? सुरुवात कशी करू? ‘आभारी आहे’ फारच तोकडं वाटतं. आणि ज्यांनी आपल्या माणसाचे अवयव दिलेत त्यांनी खरंखरं सांगा, असं पत्र आलं तर बरं वाटतं की खपली निघते?