लढाईची पुस्तकं म्हणजे पैसे वाया? कोण म्हणतं?

चिखल्या:
परवा एकाने इथेच, आपल्या मॉडेलवाल्यांच्या फोरमवर, ज्ञान पाजळलं, "मॉडेल करायला इतिहास कशाला वाचायचा, टँकचे चहूबाजूंनी फोटो असलेलं एक पुस्तक घ्या, लढाईची जाड पुस्तकं म्हणजे पैसे वाया." त्यावर सगळ्यांच्या माना डोलल्या. दोन दिवस गप्प बसलो, आता लिहितोच.

मी सध्या 1:35 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्यात, परमवीरचक्रवाल्या अरुण खेत्रपालांचा सेंच्युरियन टँक 'फामागुस्ता' करतोय. बसंतरची लढाई, पाकिस्तानशी, 16 डिसेंबर 1971. फोटोंच्या पुस्तकावरून बोल्ट कळले, मान्य. पण टरेटवर, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजावर, स्क्वाड्रनचं चिन्ह कुठलं मारायचं? पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटची बी स्क्वाड्रन (तुकडी) अडचणीत होती एवढं ऐकून लोक बीचा चौकोन मारून मोकळे होतात. लढाई नीट वाचली की कळतं, बीने मदत मागितली आणि खेत्रपाल ए मधून धावले. म्हणजे ए चा त्रिकोण. हे कुठल्या फोटोत दिसणारे? दुसरं, एका भाऊने याच टँकवर राजस्थानची पिवळी धूळ मारली होती. अरे बसंतर नदी आहे, शकरगढचा भाग, डिसेंबर महिना, सुरुंग पुरते काढून व्हायच्या आत टँक पुढे घातले होते. धूळ कुठून आणली?

रिव्हेटमोज्या:
ते लिहिणारा मीच. त्रिकोण छान आलाय, अभिनंदन. आता तू टाकलेला फोटो बघ. तामिया कंपनीचं सेंच्युरियन मार्क 3 चं किट ना? त्याची बॅरल, म्हणजे तोफेची नळी, सरळसोट. आपल्याकडचे सेंच्युरियन मार्क 7, त्यांच्या बॅरलच्या मध्ये धूर ओढणारा फुगवटा असतो. एवढी जाड पुस्तकं वाचलीस आणि तोफच चुकली.

पॅटननगरचा_पाहुणा:
पुस्तकांचं बोलायचं तर मराठीतली युद्धाची पुस्तकं आधी जाळा. 65 च्या प्रत्येक पुस्तकात तोच एक फोटो, आपले जवान टँकवर चढून हसतायत, खाली लिहिलेलं "आपला रणगाडा". अहो तो पाकिस्तानचा पॅटन आहे, खेमकरणला पकडलेला! माझ्याकडच्या एका पुस्तकात तर फोटोच उलटा छापलाय, सगळे जवान डावखुरे.

सातारी_मावळा:
फोटो, पुस्तकं सगळं राहू द्या. माझे मामा 71 ला रिकव्हरीवर होते, अडकलेले टँक ओढून काढायचे. ते सांगायचे टँक हिरवा असा दिसायचाच नाही, जवान ओल्या मातीचे थरच्या थर फासायचे, वाळली की पोपडे पडायचे आणि खालून हिरवा डोकवायचा. मी तसाच केलाय, हिरव्यावर हेअरस्प्रे मारून वर माती, म्हणजे तसेच पोपडे निघतात.

रिव्हेटमोज्या:
मामांच्या आठवणीवर रंग ठरवायचा? पन्नास वर्षांत माणसाला स्वतःच्या लग्नातल्या शालूचा रंग आठवत नाही.

सातारी_मावळा:
मामांवर जायचं नाही. तुमच्या घरातलं कोणी तिथे होतं का? पुस्तकवाला तरी तिथे होता का?

रिव्हेटमोज्या:
मामांवर कोण गेलंय! माणूस खरं सांगतो, रंग खोटा सांगतो. आमच्या बाबांना आमची जुनी स्कूटर निळी आठवते. आरसीवर करडी आहे.

नगरी_तडका:
एवढं भांडताय तर नगरला या की, टँक म्युझियम आहे. सेंच्युरियनसमोर उभं राहून मी स्वतः वीत लावून चाकं मोजलीत.

चिखल्या:
मीही गेलोय. आकारासाठी सोनं, रंगासाठी शून्य. इतक्या वेळा रंगवलेत की स्क्रूच्या खाचा बुजल्यात, नखाने टोकरलं तर थरावर थर. त्या हिरव्यावरून 71 चा हिरवा ठरवणं म्हणजे पुतळ्याच्या ऑइलपेंटवरून महाराजांच्या अंगरख्याचा रंग ठरवणं.

नगरी_तडका:
म्युझियमच्या टँकला नख लावलंत? शिकलेली माणसं तुम्ही.

पॅटननगरचा_पाहुणा:
आणि मी एक परदेशी पुस्तक मागवलं होतं त्याचं सांगायचं राहिलं, कुरियरवाल्याने पावसात दारात टाकलं, सगळी रंगीत पानं एकमेकांना चिकटली, वाफ देऊन सोडवायला गेलो तर शर्मन टँक एका पानावर आणि त्याचा टरेट दुसऱ्या पानावर.

रिव्हेटमोज्या:
मुद्द्यावर या. चिखल्या, तुझ्या जाड पुस्तकात तोफ कुठली दिलीय?

चिखल्या:
(नाइलाजाने सांगतो) एका पानावर जुनी 20 पाउंडर तोफ, पुढे नंतरची 105 मिमी. एकाच रेजिमेंटला.

रिव्हेटमोज्या:
हेच! लिहिणाऱ्याला फरक पडत नाही, लढाई तीच राहते. आपल्याला पडतो. 105 च्या एल 7 तोफेवर तो फुगवटा एका बाजूला जास्त असतो, 20 पाउंडरवर चहूकडून सारखा. यासाठी फोटोच लागतो राजा. बाकी त्रिकोणाचं मला माहीत नव्हतं. माझ्याकडे चौकोनवाला तयार बसलाय शोकेसमध्ये. डेकॅलवर, चिन्हाच्या स्टिकरवर, वार्निश मारून झालंय.

सातारी_मावळा:
त्यावर माती फासा.

चिखल्या:
बॅरल कापली आत्ताच. पुस्तकातल्या फोटोला भिंग लावून बघितलं, फुगवटा चहूकडून सारखा. 20 पाउंडर.

रिव्हेटमोज्या:
फोटो कुठल्या सालचा?

चिखल्या:
65.

रिव्हेटमोज्या:
मॉडेल 71 चं ना रे तुझं?

चिखल्या:
झोपतो मी आता.