पहिल्यांदा एक्सपोर्ट झालं आणि पुढच्याच साली बाग हातची गेली, चांगलं साल गेल्यावर तुम्ही काय करता?

थॉमसनवाला_निफाड
नमस्कार मंडळी. आमची दोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग. मागच्या साली पहिल्यांदा माल युरोपला गेला, मणी १८ एमएम, औषधांच्या अंशांचा रेसिड्यू रिपोर्ट क्लिअर, सोसायटीचं कर्ज फिटलं, आईला पाटल्या केल्या. लोक बाग बघायला यायचे आणि मी पण दुसऱ्यांच्या बागेत काय चुकतंय ते सांगत फिरायचो. त्या नादात एप्रिल छाटणी गड्यांवर सोडली, तीही मे उजाडल्यावर. सात पानांवर शेंडा मारून सबकेन, म्हणजे पुढची फुटीची काडी, करायची तर निम्म्या ओळीत दहा-दहा पानं होऊन गेली, काडी पातळ राहिली, पाणी नुसतं अंदाजाने. ऑक्टोबरला छाटून बघतो तर घड जिरलेले, जिथे तीस घड धरायचो तिथे वेलीला आठ-दहा, बाकी सगळ्या बाळ्या, म्हणजे घडाच्या जागी नुसते तणावे. पैशापेक्षा हे जास्त लागलंय की मला सगळं येत होतं आणि मी केलं नाही. आधी पहाटे पाचला बागेत असायचो, आता ती ओढच राहिली नाही. काय करू?

बागाईतदार_काका
भाऊ, आधी मनाला लावून घेऊ नको, वेल जिवंत आहे ना, मग साल परत येतं. माझं हे २६वं साल. एप्रिल छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, पुढचा घड ठरतो, म्हणजे तुझं कौतुक चालू होतं तेव्हाच यंदाचा माल काडीत बसत होता, द्राक्षात विश्रांतीला जागाच तेवढी आहे. आम्ही २०१० ला शिकलो. माल दिसायला एक नंबर, गोडी बरोबर, आणि युरोपात लिहोसीन या वाढ रोखायच्या औषधाचे अंश सापडले म्हणून कंटेनर अडकले. औषधांचं आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं आणि नेमकं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तेव्हापासून शेवटची गाडी भरली की त्याच रात्री वही घेऊन बसतो आणि यंदा काय नशिबाने जमलं तेवढंच लिहितो. फुलोऱ्यात पाऊस आला नाही म्हणून डाऊनी (केवडा रोग) आला नाही, ते काय माझं कर्तृत्व नाही, पुढच्या साली पाऊस येणारच असं धरून तयारी करायची.

सोलापूरची_लेक
काकांचं वहीचं एकदम पटलं. आमच्याकडचे नान्नजचे नानासाहेब काळे बघा, थॉमसनमधून सोनाका ही नवी जात निवडली, ती कुठे कुठे लागली, तेवढ्यावर कुणीही समाधान मानलं असतं, पण वेली न्याहाळायचं त्यांनी सोडलं नाही, पुढे शरद सीडलेस ही जात दिली आणि मग मुलानेही नवीन वाण काढले. दादा, ओढ नाही म्हणताय तर अख्ख्या बागेचं टेन्शन घेऊ नका, एकच ओळ धरा. मी आणि मिस्टर दरवर्षी एक ओळ प्रयोगाला ठेवतो, गेल्या साली तिथे घडाच्या पाकळ्या (बाजूच्या फांद्या) नेहमीपेक्षा कमी ठेवल्या होत्या, तर रोज सकाळी चहाच्या आधी पाय तिकडेच वळायचे, मणी किती फुगला ते बघायला.

काडी_तपासणी
ऑक्टोबर छाटणीआधी कुठल्या डोळ्यात घड आहे ते बघायला लॅबला काड्या दिल्या होत्या का?

थॉमसनवाला_निफाड
नाही दिल्या. मागच्या साली दिल्या होत्या, रिपोर्टमध्ये चौथ्या-पाचव्या डोळ्यात घड दाखवले होते आणि तसंच छाटलं होतं. यंदा म्हटलं आपल्याला माहितीये, आणि जुन्याच हिशोबाने कात्री चालवली. काडी नवीन, रिपोर्ट जुना. हे आत्ता लिहिताना कळतंय.
काका, वही आणली आजच. मागच्या सालापासून सुरू केली, पहिली ओळ: गारा शेजारच्या गावात पडल्या, आमच्याकडे नाही. आठ ओळी झाल्यात, अजून आठवतंय. ताई, विहिरीकडची ओळ धरतो.