व्हायोलिन-पियानोची मैफल सोलापुरात करायची आहे, डिजिटल पियानोवर भागेल का?

बाळीवेसकर:
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात व्हायोलिन शिकवते. आपलं हिंदुस्थानी, मांडी घालून वाजवायचं. माझ्याकडे गज धरायला शिकलेली एक मुलगी पुढे मुंबईला जाऊन पाश्चात्त्य व्हायोलिन शिकली. ती आणि तिची पियानो वाजवणारी मैत्रीण फेब्रुवारीत, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली की, इथे वाजवायला तयार आहेत. मानधन नको म्हणतात, वाद्य तेवढं नीट हवं.

तिने कळवलेला क्रम असा: मोझार्टचा ई मायनर सोनाटा (सोनाटा म्हणजे काही भागांची मोठी वाद्यरचना; के. ३०४ हा तिचा यादीतला क्रमांक), बीथोवनचा 'स्प्रिंग', मध्यंतर, मग सेझार फ्रांकचा ए मेजर.

अडचण पियानोची आहे. एके ठिकाणी जुना उभा पियानो सापडला, पण दाबलेल्या पट्ट्या वर येत नाहीत. पुण्याहून ग्रँड (आडव्या तारांचा मोठा पियानो) आणायचा तर टेम्पो, उचलायला माणसं, वर ट्यूनर. ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो मात्र ओळखीत फुकट मिळतोय. आमच्या मंडळातले म्हणतात, व्हायोलिन मुख्य, पियानो काय साथीला, चालवून घ्या. मला हे अजिबात पटत नाही, पण बैठकीत मांडायला नेमकी कारणं हवीत. पोरगी पहिल्यांदा आपल्या गावात वाजवणार, ते अर्धंमुर्धं होऊ नये.

काळी_पाच:
ताई, तुमचं बरोबर आहे. मोझार्ट-बीथोवनच्या काळात असे सोनाटे 'पियानोसाठी, व्हायोलिनच्या साथीने' असे छापले जायचे! प्रत्यक्षात दोघे बरोबरीचे. 'स्प्रिंग' (१८०१) ऐका: सुरुवातीची धून व्हायोलिन गातं, ती संपली की तीच धून पियानो घेतो आणि व्हायोलिन साथीला बसतं. फ्रांकच्या शेवटच्या भागात तर पियानो पुढे आणि व्हायोलिन एक मात्राखंड (मात्रांचा एक छोटा गट) मागे राहून तीच धून म्हणत येतं. ठुमरीत गायकाच्या मागोमाग पेटीवाला जातो तसं, फक्त इथे मागोमाग येणारं व्हायोलिन आहे. हे मंडळाला मोबाइलवर ऐकवा, वाद तिथेच मिटेल.

आता डिजिटलबद्दल. मोझार्टचा सोनाटा १७७८ चा. तेव्हाचे पियानो पाचेक सप्तकांचे, हलक्या आवाजाचे. बीथोवनचंही तेव्हाचं वाद्य फार वेगळं नव्हतं. हे दोन चांगल्या डिजिटलवर निभावतील. फ्रांक नाही निभावणार. तो १८८६ चा, पुऱ्या वाढलेल्या ग्रँडसाठी लिहिलेला. बेल्जियमचा व्हायोलिनवादक युजेन इझाई याच्या लग्नात फ्रांकने तो भेट दिला. दुसऱ्या भागात पियानोच्या खर्जात स्वरांचा नुसता लोंढा आहे. पेडल दाबलं की न वाजवलेल्या तारासुद्धा गुणगुणू लागतात, त्यावर सगळी इमारत उभी आहे. स्पीकरमधून तो लोंढा एकाच बाजूने येतो आणि व्हायोलिन बुडतं. मग व्हायोलिनला माइक लावावा लागतो, आणि कोणाचा आवाज किती हे वाजवणाऱ्यांऐवजी साउंडवाला ठरवतो. ग्रँड जमतच नसेल तर फ्रांक बाजूला ठेवून मोझार्टचा आणखी एक सोनाटा घ्या, पण फ्रांक डिजिटलवर नको.

सिद्धेश्वर_एक्सप्रेस:
मी मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात असे कार्यक्रम ऐकून रात्रीच्या गाडीने सोलापूर गाठणारा माणूस. आपल्या गावात हे होणार वाचून फार आनंद झाला. जागेबद्दल सांगतो. हुतात्मा स्मृती मंदिर यासाठी मोठं पडेल. दीडदोनशे माणसांचं, लाकडी मंचाचं सभागृह बघा, म्हणजे माइक लागणारच नाही. पंखे बंद ठेवता यायला हवेत. त्यांची घरघर हळू स्वरांवर बसते आणि स्वरलिपीची पानंही उडतात. फेब्रुवारीत संध्याकाळी साडेसातनंतर ते जमेल.

दुसरं, टाळ्या. मोझार्टचे दोन भाग, बाकी दोघांचे चार-चार. भागांमध्ये लोक थांबतात, सगळा सोनाटा संपल्यावर टाळ्या देतात. आपल्याकडे चांगली जागा आली की दाद जाते, तो आपला स्वभावच आहे, म्हणून कोणाला दटावू नका. आधी दोन मिनिटं बोलून सांगा.

खुंटी_तार:
पुण्यात पियानो लावतो. ग्रँड आणणार असाल तर आदल्या दिवशी सकाळीच आणा. आत दोनशेवर तारा असतात, सगळ्यांचा मिळून ताण कित्येक टनांचा. प्रवासाने आणि सोलापूरच्या कोरड्या हवेने लाकूड हलतं, सूर उतरतो. रात्रभर हॉलमध्ये बसू द्या, कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मंचावरचे दिवे चालू ठेवून लावून घ्या. एसीच्या झोतात ठेवू नका. ए हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर लावायचा की ४४२ वर, हे त्या मुलीला आधीच विचारा. आणि पियानोचा गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा चढा असतो. तुमच्या कानाला तो खटकेल, पण ते वाद्य बिघडलेलं नसतं.

बाळीवेसकर:
सगळ्यांची मनापासून आभारी आहे. मुलीशी बोलले. ती म्हणते, बाई, फ्रांक वाजवायलाच मी गावी येतेय. तेव्हा ग्रँडच. रविवारच्या बैठकीत 'स्प्रिंग'ची सुरुवात ऐकवणार आहे आणि टेम्पोच्या खर्चासाठी वर्गणीची वही फिरवणार आहे, पहिलं नाव माझं. खुंटी_तार, तुम्हाला निरोप टाकलाय, तारीख आणि मजुरी कळवा.

आता एकच राहिलं: पियानोची पानं उलटायला पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारं कोणी सोलापुरात किंवा पंढरपूर-बार्शीकडे आहे का? आदल्या दिवशी तालमीला यावं लागेल. जेवणाची सोय माझ्याकडे.