मदत हवी आहे : रात्री मळ्यात जायला चार्जिंगची बॅटरी कोणती घेऊ?

मंडळी, निफाडजवळ आमचा द्राक्षांचा मळा आहे. या आठवड्यात पंपाची थ्री फेज लाईट रात्रीची, आणि शेजारच्या उसात बिबट्या. गेल्या दिवाळीत ४५० रुपयांना घेतलेली बॅटरी चार महिन्यांत बसली. उघडली तर आत लेड-अ‍ॅसिडचा सेल, पोट फुगलेला.

आता लिथियमची, सेल बदलता येणारी हवी. पण १८६५० नावाच्या बोटाएवढ्या लिथियम सेलवर '९९०० एमएएच' क्षमता छापलेली बघून हसूच येतं. एवढ्याशा नळीत ३६०० च्या आसपासच मावतं ना! मग लुमेनच्या, म्हणजे उजेडाच्या, आकड्यावर तरी कसा विश्वास ठेवायचा?

बजेट दीड हजार. दोनशे मीटरवरचा बांध दिसावा, पावसात चालावी. पाण्यापासून बचावाचा आयपीएक्स४ दर्जा पुरेल की आयपी६७च घेऊ? वर्षभर वापरलेल्यांनीच सांगा. आणि नाशकात खरे सुटे सेल कुठे मिळतात?