चर्चा: अँड्रॉइड पीओएसवर टॅप घ्यायचा, तर कर्नल स्वतः लिहावा का?

गल्लापेटी (धागाकर्ता)

दुकानाच्या गल्ल्यावर कार्ड घेणारं अँड्रॉइडचं मशीन (पीओएस) रुळलं तसा प्रत्येक टीममध्ये एकजण तरी म्हणतोच: ‘एनएफसी (कार्ड टेकवून वाचायची सोय) आहे, आयसोडेप (अँड्रॉइडमधून कार्डाशी बोलायचा वर्ग) आहे, ईएमव्हीची (चिप कार्डांच्या जागतिक नियमांची) पुस्तकं फुकट उतरवता येतात. मशीनवाल्याच्या एसडीकेवर (त्याने दिलेल्या तयार कोडवर) कशाला अवलंबून राहायचं? कर्नल (टॅपच्या वेळी कार्डाशी बोलणारा गाभ्याचा कोड) आपणच लिहू.’

माझं मत: लिहू नये. भारतातल्या दुकानात चालणारं ॲप करायचं असेल तर मुळीच नाही.

ही हौस येते कुठून, तर सुरुवात फसवी सोपी आहे म्हणून. ‘टूपे.सिस.डीडीएफ०१’ हे १४ बाइटचं नाव देऊन सिलेक्ट (निवडीचा हुकूम) पाठवायचा. कार्ड स्वतःकडच्या एआयडींची (पेमेंट ॲप्सच्या ओळखक्रमांकांची) यादी देतं, त्यातला वरच्या प्राधान्याचा निवडायचा, कार्ड पीडीओएलमधून (स्वतःला हव्या माहितीच्या यादीतून) जे मागेल ते भरून जीपीओ (व्यवहार सुरू करायचा हुकूम) पाठवायचा. दोन दिवसांत लॉगमध्ये कार्डनंबर उमटतो आणि सगळ्यांना वाटतं, ८० टक्के काम झालं. प्रत्यक्षात तिथून वाटा फुटतात. व्हिसाचं कार्ड क्रिप्टोग्राम (व्यवहारावरची कार्डाची सांकेतिक सही) जीपीओच्या उत्तरातच देतं. मास्टरकार्डला जीपीओनंतर रिले हल्ल्याविरुद्धची (दूरचं कार्ड जवळ असल्याचं भासवण्याविरुद्धची) वेळमोजणी, कार्डात ती सोय असेल तर; मग रेकॉर्ड वाचावे लागतात, मग जनरेट एसी (क्रिप्टोग्राम मागायचा हुकूम). रुपेचं क्यूस्पार्क (त्याच्या टॅपचे नियम) हे एनपीसीआयचं (रुपे चालवणाऱ्या संस्थेचं) वेगळं बाड, ते ईएमव्हीकोच्या (ईएमव्हीचे नियम काढणाऱ्या संस्थेच्या) सी-२ ते सी-७ या ब्रँडनिहाय कर्नलच्या पुस्तकांत नाही. म्हणजे एक कर्नल नाही, किमान तीन.

त्यावर मान्यता. एल-१ म्हणजे अँटेना आणि सिग्नल, एल-२ म्हणजे कर्नल, एल-३ म्हणजे तुमचं ॲप, ते मशीन आणि बँकेचा होस्ट (सर्व्हर) यांची एकत्र चाचणी. मशीनवाल्याने पहिल्या दोन आधीच करून घेतलेल्या असतात. कर्नल तुमचा झाला की एल-२ तुमच्या डोक्यावर. मान्यता त्या ठरावीक बिल्डच्या चेकसमला (कोडवरून काढलेल्या ठशाला) मिळते, कर्नलच्या कोडमध्ये एक ओळ हलली की पुन्हा प्रयोगशाळेच्या दारात.

वेळ घालवायचाच असेल तर कर्नलच्या भोवती घालवा. चुका तिथेच होतात. उलट मत असेल तर मांडा.

बिटमोड्या

साफ असहमत. एसडीके म्हणजे सुख हे ज्यांना एकाच कंपनीचं मशीन विकायचंय त्यांनी म्हणावं. पाच कंपन्यांची मशीनं घेतली की पाच एआयडीएल सर्व्हिस (अँड्रॉइडमधली ॲप-ते-ॲप जोडणी), पाच प्रकारचे कॉलबॅक (एसडीके उत्तर कळवतो ती फंक्शनं). एकीकडे रक्कम पैशांत द्यायची, दुसरीकडे बारा अंकी स्ट्रिंगमध्ये. एक टीएलव्ही (टॅग, लांबी, मूल्य अशी मांडलेली कार्डाची माहिती) सलग देतो, दुसरा टॅग (माहितीच्या एकेका नगाचा क्रमांक) एकेक करून मागायला लावतो. यावर एक समान थर बांधायचा, तर तो निम्मा कर्नल लिहिण्याइतकाच जड होतो.

आणि चूक निघाली की? एपीडीयूचा ट्रेस (कार्ड आणि रीडरमधल्या संदेशांची नोंद) मागितला तर विक्रीनंतरच्या मशीनवर तो बंदच असतो. फर्मवेअरची नवी आवृत्ती येईपर्यंत दुकानदाराला ‘कार्ड खाचेत घाला’ सांगत बसायचं. कर्नल आपला असता तर त्याच रात्री कळलं असतं कुठे अडलं.

शिवाय ईएमव्हीकोने २०२२ मध्ये सी-८ आणला, सगळ्या ब्रँडना एकच कर्नल. तीन-तीन लिहायचे हा तुमचा मुद्दा त्याने निकालात निघतो.

गल्लापेटी

पाच वेष्टनांचा त्रास खरा, तो मान्य. पण वेष्टनात चूक झाली तर तुमचं ॲप कोसळतं, कर्नलमध्ये झाली तर पैशाचं गणित.

सी-८ मात्र तुमच्या बाजूने बोलत नाही. कार्डही सी-८ समजणारं हवं. गिऱ्हाइकांच्या खिशातली जुनी कार्डं संपेपर्यंत जुने कर्नल शेजारी ठेवावेच लागतात. म्हणजे तीनचा एक होत नाही, चार होतात.

आणि हा कर्नल चालणार कुठे, ते सांगा. पीसीआय पीटीएस (कार्डसुरक्षेची संस्था पीसीआय, तिचं मशीनसाठीचं मानक) मान्यतेच्या मशीनमध्ये दोन मेंदू असतात. एकावर अँड्रॉइड, दुसरा सुरक्षित प्रोसेसर. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या आणि पिन दुसऱ्याकडे, कार्ड वाचणंही त्याच्याच ताब्यात. कार्डनंबर तिथेच एन्क्रिप्ट होतो, अँड्रॉइडला तारे मारलेला नंबर आणि सिफर मिळतो. एपीकेमधल्या (अँड्रॉइड ॲपच्या फाइलमधल्या) कर्नलला टॅग ५७ (कार्डनंबर, मुदत वगैरे) आणि ५ए (कार्डनंबर) उघडे लागतील. ते मागितलेत की अख्खं अँड्रॉइड पीसीआयच्या कक्षेत आलं.

बिटमोड्या

म्हणून तर सी भाषेत लिहिलेला, मान्यता मिळालेला कर्नल विकत घेऊन सुरक्षित बाजूला बसवतात.

गल्लापेटी

त्या बाजूला कोड चढवायला मशीनवाल्याची सही लागते. साधा एपीके चढवायलासुद्धा बहुतेक ठिकाणी लागते. फिरून भोपळे चौकात.

चौथा दिवा

कर्नल कुणाचा यावर भांडताय, पण टॅप नाकारला जातो तो बहुतेक वेळा कॉन्फिगरेशनमुळे. ठळक जागा देतो, बघा तुमच्याकडे कुठली आहे.

रिझर्व्ह बँकेने पिनशिवाय टॅपची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ५००० केली. त्याच्या वर पिन. मास्टरकार्डच्या कर्नलमध्ये यासाठी वेगवेगळे टॅग आहेत: डीएफ८१२४ आणि डीएफ८१२५ या टॅपच्याच कमाल मर्यादा (पहिली साध्या कार्डाला, दुसरी फोनवर बोट लावून ओळख पटवणाऱ्याला), आणि डीएफ८१२६ म्हणजे ‘याच्या वर ओळख पटवा’. ५००० जायला हवेत ८१२६ मध्ये. लोक भरतात ८१२४ मध्ये. मग ५२०० रुपयांना पिन विचारायच्या ऐवजी कर्नल टॅपच नाकारतो आणि ‘दुसरा मार्ग वापरा’ म्हणतो. दुकानदार समजतो कार्ड खराब.

दुसरी जागा: सगळं पैशांत. ९एफ०२ (रक्कम) हा सहा बाइटचा, म्हणजे बारा अंकांचा. ५००० रुपये म्हणजे ०००००० ५०००००. रुपयांचा आकडा तसाच ढकललात तर ५००० चे ५० होतात, आणि चाचणीत कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ५० रुपये बिनबोभाट मंजूर होतात.

तिसरी: ९एफ६६, व्हिसाचा टीटीक्यू (मशीनला काय जमतं ते कार्डाला सांगणारा टॅग). चार बाइट. खाच आणि ऑनलाइन पिन दोन्ही असलेल्या मशीनला पहिला बाइट ३४ (हेक्समध्ये), खाच नसलेल्याला २४. जुन्या प्रकल्पातून ३४ उचलून खाच नसलेल्या मशीनवर टाकला, की कार्डाला वाटतं चिपची सोय आहे. ते ‘खाचेत घाला’ म्हणू शकतं. कुठल्या खाचेत? दुसऱ्या बाइटचे वरचे दोन बिट (ऑनलाइन क्रिप्टोग्राम हवा, ओळख हवी) दर व्यवहाराला कर्नलने ठरवायचे असतात. ते कॉन्फिगमध्ये कायमचे चालू करून ठेवलेत, तर १० रुपयांच्या चहालाही पिन मागितला जाईल.

चौथी: चलन ५एफ२ए आणि देश ९एफ१ए, दोन्ही ०३५६ (भारताचा कोड). एक जरी ०८४० राहिला (नमुन्याच्या फाइलमध्ये अमेरिका असते) तर कार्ड परदेशी व्यवहार समजून वागतं.

या चारही चुका स्वतःचा कर्नल लिहूनही करता येतात. अगदी त्याच.

फोनवाला

मशीनच कशाला हवं, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. पीसीआयने डिसेंबर २०१९ मध्ये सीपीओसी काढलं: साधा अँड्रॉइड फोन, त्यावर टॅप, पण पिन नाही. नोव्हेंबर २०२२ च्या एमपीओसीने त्याच फोनवर पिनही घ्यायला वाट दिली. भाजीवाल्याच्या खिशात फोन आहेच. दर महिन्याचं भाडं, रोल, चार्जर, सगळं वाचतं. तुमच्या भांडणातला मशीनवालाच गायब.

टॅम्पर

@फोनवाला, मशीनवाला गायब होतो, त्याच्या जागी देखरेख येते. मशीनमध्ये जाळी आणि बॅटरी असते, उघडलं की किल्ल्या पुसल्या. (बॅटरी म्हातारी झाली तरी पुसल्या जातात, मग मशीन पुन्हा किल्ल्या भरायला पाठवा, हा त्याचा जाच.) फोनमध्ये ती जाळी नाही. म्हणून तुमचा सर्व्हर फोनला ठरावीक काळाने विचारत राहतो: रूट झालाय का (संरक्षण तोडून पूर्ण ताबा घेतलाय का), डीबगिंग चालू आहे का, ॲप बदललंय का, किल्ली हार्डवेअरमध्येच आहे ना. उत्तर नीट नसेल तर व्यवहार बंद. हे सर्व्हर बांधणं, चालवणं आणि त्याची मान्यता घेणं हे ॲपपेक्षा मोठं काम आहे. सीपीओसीवर थांबलात तर ५००० च्या वर कार्डाचा टॅप विसरा.

दुसरं, फोनची अँटेना. मशीनचा रीडर पृष्ठभागापासून ४ सेंटिमीटरपर्यंतच्या ठरावीक जागेत कार्ड वाचू शकतो का, हे प्रयोगशाळा मोजते. फोन त्या मोजपट्टीवर बनवलेला नसतो. कुणाची अँटेना कॅमेऱ्याशेजारी, कुणाची मधोमध, त्यावर जाड कव्हर. स्क्रीनवर ‘इथे टेकवा’चं चित्र मॉडेलनुसार बदलावं लागतं.

आणि पाकिटात दोन कार्डं असतील तर? ईएमव्हीचा नियम आहे की रीडरने थांबून ‘एकच कार्ड दाखवा’ म्हणावं. फोनचा एनएफसी त्यातलं एक उचलून पुढे सरकू शकतो. पैसे कुठल्या कार्डातून गेले ते गिऱ्हाईक घरी जाऊन बघणार.

फोनवाला

यातलं बरंचसं सुटतं. रीडर मोड चालू करताना एनडीईएफ तपासणी (कार्डावर एनएफसी मजकूर आहे का ते बघणं) वगळण्याचा फ्लॅग द्या, नाहीतर अँड्रॉइड आधी स्वतःच्याच कमांड कार्डाला पाठवत बसतो. प्रेझेन्स चेकचं (कार्ड अजून टेकलेलं आहे का या तपासणीचं) अंतर वाढवा. आयसोडेपची मुदत (उत्तराची वाट बघायचा वेळ) वाढवा, कार्डाला आरएसए सही करायला वेळ लागतो, कमी मुदतीत टॅग (इथे टॅग म्हणजे कार्डच) हरवल्याचं एक्सेप्शन येतं. प्लॅटफॉर्मचा आवाज बंद करा आणि स्वतःचा ‘बीप’ द्या. कव्हरचं मात्र खरंच काही करता येत नाही.

चौथा दिवा

बीपचं एक राहिलं. कार्ड टेकवल्यावर नाही, कार्डाशी बोलणं *संपल्यावर* वाजायला हवा. आधी वाजला की गिऱ्हाईक हात काढतं आणि व्यवहार मधेच तुटतो. कार्ड आणि रीडरचं संभाषण साधारण ५०० मिलिसेकंदांत आटोपावं ही अपेक्षा असते. त्यातल्या १५०-२०० खाल्ल्या जातात त्या कॉलबॅकमध्ये कुणीतरी बिन (कार्डनंबरचे सुरुवातीचे आकडे) तपासून ‘ईएमआय हवा का’ हे सर्व्हरला विचारतं तेव्हा. कार्ड फील्डमध्ये असताना नेटवर्कला हात लावायचा नाही. मीडियाप्लेअरने बीप वाजवला तर पहिल्यांदा फाइल उघडण्यातच वेळ जातो. साउंडपूलमध्ये आधी चढवून ठेवा, नाहीतर मशीनचा स्वतःचा बझर वापरा.

रात्रीचा हिशोब

मी बँकेच्या बाजूने म्हणते. क्रिप्टोग्राम मिळाल्यावर कार्डाचं काम संपतं आणि तुमच्या ॲपचं खरं काम सुरू होतं. तिथेच सगळे झोपलेले असतात.

०२०० (बँकेला पैसे वजा करायची विनंती) पाठवला, बँकेने पैसे वजा केले, उत्तर येईपर्यंत अँड्रॉइडने ॲप मारलं, कारण १ जीबीच्या मशीनवर बिलिंगचं ॲप, प्रिंटर आणि ब्राउझर एकत्र उघडे होते. स्लिप नाही, म्हणून दुकानदार पुन्हा टॅप करायला लावतो. नवा ट्रेस क्रमांक (व्यवहाराचा अनुक्रमांक), नवा क्रिप्टोग्राम. आमच्या दृष्टीने ते दोन वेगवेगळे खरे व्यवहार. दुबार म्हणून आम्ही ते ओळखायचे कसे?

म्हणून क्रम असा: संदेश पाठवायच्या *आधी* ट्रेस क्रमांक, रक्कम आणि ‘पाठवतोय’ ही अवस्था डिस्कवर. मग पाठवणं, तेही फोरग्राउंड सर्व्हिसमधून (अँड्रॉइड सहजी मारत नाही त्या भागातून), ॲक्टिव्हिटीतून (स्क्रीनमधून) नाही. मुदतीत उत्तर नाही आलं की ‘रिव्हर्सल बाकी’ लिहून ०४०० (व्यवहार उलटवायचा संदेश, म्हणजे रिव्हर्सल) पाठवा. ॲप उघडताच पहिलं काम ‘बाकी’ आणि ‘पाठवतोय’वर अडकलेल्या नोंदी शोधणं. बाकी रिव्हर्सल पोचल्याशिवाय पुढची विक्री सुरू करू देऊ नका, दुकानदार कितीही चिडला तरी.

आणि बँकेकडून रिस्पॉन्स कोड ५७ (या कार्डाला हा व्यवहार करायची परवानगी नाही) आला तर पुन्हा टॅप करायला सांगू नका. गिऱ्हाइकाने कार्डावर टॅपची सोय चालूच केलेली नाही, असं असू शकतं. ‘व्यवहार अयशस्वी’ एवढंच दाखवणाऱ्या ॲपमुळे त्याच कार्डाचे चार-चार टॅप येतात.

गल्लापेटी

+१. याला जोडून: बिलिंग आणि पेमेंट यांचे दोन वेगळे एपीके ठेवा, मधे फक्त इंटेंट (अँड्रॉइडमधला ॲप-ते-ॲप निरोप). बिलावर दिवाळीची सूट दाखवायला एल-३ पुन्हा करावी लागू नये.

तिकीटखिडकी

सगळे किराणा दुकान धरून बोलताय. मेट्रोच्या फाटकावर ०२०० नाहीच. पुणे मेट्रोच्या वन पुणे कार्डासारख्या एनसीएमसी (प्रवासाच्या देशव्यापी सामायिक) कार्डात पैसे चिपवरच असतात, फाटक ऑफलाइन वजा करतं, शिवाय पास आणि प्रवासाची नोंद कार्डाच्या सर्व्हिस एरियात (चिपवरच्या राखीव जागेत) लिहावी लागते. किरकोळ विक्रीसाठी बनवलेल्या एसडीकेत हा लिहिण्याचा भाग नसेल, तर बिटमोड्यांचं म्हणणं इथे पटतं. आणि ऑफलाइनमध्ये कार्ड खरं की खोटं हे ठरतं सार्वजनिक किल्लीवरून. नव्या इंडेक्सची (क्रमांकाची) किल्ली मशीनवर चढवायची राहिली, तर त्या इंडेक्सची सगळी कार्डं एका सकाळी फाटकाबाहेर उभी.

बिटमोड्या

चला, कुणीतरी बाजूला आलं. तरी फाटकासाठीही मी आता कोऱ्या पानावरून लिहा म्हणणार नाही. खरेदीच्या करारात दोन कलमं घाला: चाचणीच्या मशीनवर पूर्ण एपीडीयू ट्रेस, आणि सर्व्हिस एरिया वाचायच्या-लिहायच्या कमांड एसडीकेत उघड्या. ट्रेस देत नसेल त्याचं मशीन घेऊ नका.

चौथा दिवा

ट्रेस फक्त चाचणीच्या किल्ल्या भरलेल्या मशीनवर आणि चाचणीच्या कार्डांनीच. नाहीतर दुकानातल्या लॉगमध्ये ५७ उघडा सापडायचा. टॅग ५७ म्हणतोय, रिस्पॉन्स कोड नव्हे.